पेंडीच्या पोत्यातलं विष दुधात उतरतं, त्याची तपासणी कोण करतं?

रानजाई

दुधातली भेसळ म्हटलं की आपल्याला पाणी, युरिया आणि डिटर्जंट आठवतात. सणासुदीला छापे पडतात, दूध ओतून दिल्याचे फोटो येतात, आठवडाभर सगळे धास्तावतात आणि विषय मिटतो. पण एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ साली मे ते ऑक्टोबर या काळात देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले होते. त्याचे निष्कर्ष वाचा. आरोग्याला घातक ठरेल अशी भेसळ निघाली १२ नमुन्यांत. अँटिबायोटिकचे अंश मर्यादेबाहेर होते ७७ नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीपासून येणारं विष मर्यादेबाहेर होतं ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के.

हे विष दुधात कुणी मिसळत नाही. बुरशी लागलेली पेंड किंवा मका गाईने खाल्ला की ते तिच्या अंगातून दुधात येतं. पिशवीतल्या दुधाचे २,६०७ नमुने होते, त्यांतले २२७ मर्यादेबाहेर. सुट्या, कच्च्या दुधाच्या ३,८२५ पैकी १४१. म्हणजे 'मी ब्रँडेड दूध घेते, मला काळजी नाही' असं म्हणायची सोय उरत नाही.

माझं माहेर टेंभुर्णीकडचं, भावाचा गाईंचा गोठा आहे. मी ठाण्यात पिशवीचं दूध घेते आणि घरात लहान मूल आहे. भावाच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) रोज दोन्ही वेळा मोजतात, पॉइंट कमी निघाला की दर कापतात. तोच भाऊ महिन्याला हजारो रुपयांची पेंड विकत घेतो, आणि त्या पोत्याची कुणी तपासणी केली का, हे त्याला माहीत नाही, दुकानदारालाही माहीत नाही. दुधाची तपासणी पोत्यापासून सुरू झाली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. जाणकारांनी लिहावं.

सडापिंपळ

मी पशुवैद्यक आहे, बरीच वर्षं ग्रामीण भागात काम करतोय. रानजाईताई, विषय अगदी योग्य काढलात.

अस्परजिलस फ्लेव्हस आणि अस्परजिलस पॅरासिटिकस या दोन बुरशी हे विष तयार करतात. भुईमूग, सरकी आणि मका ही त्यांची आवडती ठिकाणं, आणि आपल्या गाईंचा खुराक नेमका याच तिन्हींवर उभा आहे. दाण्यातली ओल १४ टक्क्यांच्या वर आणि हवा २५ ते ३५ अंश, एवढं जुळलं की बुरशी वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात आणि परतीच्या पावसानंतर हे हवामान जवळजवळ सगळीकडे असतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीला आलेला मका शेतात भिजला होता. कणसांवर हिरवट पिवळी पूड दिसत होती. माणसांच्या बाजारात न विकलं गेलेलं असं धान्य कुठे जातं? शेवटी दावणीलाच.

खाद्यात असतं ते अफ्लाटॉक्सिन बी१. गाईचं यकृत त्याचं रूपांतर एम१ मध्ये करतं आणि ते दुधावाटे बाहेर पडतं. साधारण १ ते २ टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईत ६ टक्क्यांपर्यंतही. सकाळी दूषित खुराक घातला तर दुसऱ्या दिवसाच्या दुधात ते सापडतं. दिलासा देणारी गोष्ट अशी की खुराक बदलला की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होतं.

गाय लगेच मरत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ती थोडं कमी खाते, दूध लिटर-दीड लिटरने उतरतं, गाभण राहायला त्रास होतो, लसीकरण करूनही प्रतिकारशक्ती नीट येत नाही. शेतकरी म्हणतो उन्हाचा ताण असेल.

मृदगंध

वाचून पोटात गोळा आला. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. दूध तीन-चार वेळा उकळलं तर हे जातं का? साय काढून टाकली तर?

सडापिंपळ

मृदगंधताई, उकळून जात नाही. पाश्चरायझेशननेही जात नाही. उकळणं जंतूंसाठी आवश्यक आहे, ते बंद करू नका, पण या विषावर त्याचा उपयोग नाही. साय काढूनही फरक पडत नाही, कारण एम१ दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटून राहतं. त्यामुळे पनीर आणि चीजमध्ये ते किलोमागे दुधापेक्षा जास्त साठतं, लोणी-तुपात फार थोडं उतरतं.

मुलीचं दूध बंद करू नका. बी१ हे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे. एम१ त्याच्या साधारण एक दशांश तीव्रतेचं मानतात. धोका वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाण्याचा आहे आणि लहान मुलं वजनाच्या मानाने दूध जास्त पितात, म्हणून हा प्रश्न धोरणाने सोडवायचा आहे. आईने घरी एकटीने सोडवायचा हा प्रश्नच नव्हे.

नागमोडी

आम्ही म्हणूनच ओळखीच्या गोठ्यातून देशी गाईचं दूध घेतो, काचेच्या बाटलीत येतं. महाग आहे, पण कंपनीच्या दुधाची भानगड नाही.

गोठेकरी

नागमोडी भाऊ, त्या गोठ्यावर जाऊन एकदा पोती बघून या. देशी असो की एचएफ (होल्स्टीन) संकरित, दुधावरच्या गाईला सरकी पेंड, मक्याचा भरडा, गोळी पेंड लागतेच. ती आम्ही सगळे त्याच दुकानातून आणतो. शिवाय एकाच गोठ्याचं दूध असलं आणि तिथे दूषित पेंड आली तर ते विष पातळ व्हायलाही काही नाही, सगळं तुमच्याच बाटलीत.

आता माझी बाजू सांगतो. माझ्याकडे अकरा गाई. दुधाला दर मिळतो तो फॅट-एसएनएफवर. ३.५ आणि ८.५ लागलं तर दर, नाही तर कपात. खर्चातला सगळ्यात मोठा वाटा खुराकाचा. मागच्या पावसाळ्यात एका व्यापाऱ्याकडून आणलेल्या पेंडीची पोती फोडली तर आत गठ्ठे झालेले, कुबट वास, मधे करडी जाळी. परत न्यायला तो तयार नाही. म्हणतो, ऊन दाखव आणि घाल, सगळे घालतात. मी ती खड्ड्यात टाकली, पण ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे तो टाकेल का? त्याने नाही टाकली तर त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

आणि टाकल्याचं बक्षीस काय? शून्य. माझ्या स्वच्छ दुधाला आणि शेजारच्याच्या दुधाला एकच भाव.

सडापिंपळ

गोठेकरींचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी पुन्हा वाचा.

ऊन दाखवण्याबद्दल: उन्हाने ओल जाते, बुरशीची वाढ थांबते, वास कमी होतो. तयार झालेलं विष मात्र बरंचसं आहे तिथेच राहतं. बुरशी झटकून, चाळून, धुऊनही राहतं. उलट डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पेंडीतही ते असू शकतं, कारण बुरशी दाणा असताना लागलेली असते आणि तेल गाळताना तिचं नामोनिशाण दिसत नाही.

रोखठोक

मला या धाग्याची दिशा पटत नाही. आधीच दुधाला भाव नाही. २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायची वेळ आली. त्यात तुम्ही 'दुधात विष' म्हणून लिहिताय. त्याच सर्वेक्षणाने ९३ टक्के नमुने सुरक्षित आहेत असंही म्हटलंय, ते का नाही लिहिलं? शहरातले लोक दूध कमी करतील आणि फटका गोठ्यालाच बसेल.

रानजाई

रोखठोक, ९३ टक्क्यांचा आकडा खरा आहे आणि तो इथे यायलाच हवा होता, तुम्ही आणलात ते चांगलं झालं. पण उरलेल्या ७ टक्क्यांत बहुतेक सगळं हे एकच कारण आहे, आणि ते दुरुस्त करता येण्यासारखं आहे. सडापिंपळ म्हणतात तसं तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. ज्या रोगाचा उपाय इतका जवळ आहे तो झाकून का ठेवायचा?

शेतकऱ्याला फटका बसतो तो अशा गोष्टी दडपल्या आणि एक दिवस फुटल्या की. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन सापडलं. जवळजवळ ३ लाख मुलं आजारी पडली, ६ दगावली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात तेच मेलामाइन सापडलं होतं, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमधून. प्रथिनं मोजायची नेहमीची पद्धत नायट्रोजन मोजते, म्हणून नायट्रोजन भरपूर असलेली ही स्वस्त पावडर घालायची, असा तो प्रकार. जनावरांच्या अन्नातून इशारा मिळाला होता. तो गांभीर्याने घेतला असता तर? नंतर तिथल्या गोठेवाल्यांचं दूध कुणी घेईना, त्यांना ते ओतून द्यावं लागलं.

माहीकाठ

जनावरांकडून आधी कळतं, हे अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. ते सापडलंच मुळी असं. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, कारण कळेना, म्हणून रोगाला 'टर्की एक्स' नाव दिलं. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचले.

मी बडोद्यात वाढलो. आमच्या बाजूच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात १९७४ साली घडलेलं मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. अवेळी पावसात मका भिजला, आदिवासी कुटुंबांकडे खायला दुसरं काही नव्हतं, त्यांनी तोच खाल्ला. काविळीची साथ म्हणून रुग्ण येऊ लागले. जवळजवळ ४०० जण आजारी, शंभराहून जास्त मृत्यू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी तपास केला. घरातलं उष्टं खाणारी गावातली कुत्रीही तशीच पोट फुगून मरत होती. ती इतकी मोठी मात्रा होती, आजच्या दुधाशी तिची तुलना करू नये. पण भिजलेला मका जनावराला घालताना 'त्याला काय होतंय' असं कुणी म्हटलं की मला ते गाव आठवतं.

वाफसा

मी पशुखाद्याच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो, आता तपासणीचंच काम करतो. थोडा हिशोब मांडतो, म्हणजे मर्यादा म्हणजे काय ते कळेल. पीपीबी म्हणजे एका किलोत एक मायक्रोग्रॅम.

भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) गाई-म्हशींच्या तयार खाद्याचं मानक आयएस २०५२. त्यात बी१ ची मर्यादा २० पीपीबी. गाय ५ किलो खाद्य खाते असं धरा, पोटात गेलं १०० मायक्रोग्रॅम. २ टक्के दुधात उतरलं, म्हणजे २. दूध १० लिटर, तर लिटरमागे ०.२. आपली दुधाची मर्यादा ०.५. पास.

आता तेच खाद्य १०० पीपीबीचं निघालं, तर लिटरमागे १. दुप्पट, नापास.

युरोपात दुधाची मर्यादा आपल्या एक दशांश आहे, ०.०५. म्हणून तिथे दुभत्या गाईच्या खाद्याची मर्यादा ५ पीपीबी ठेवली आहे. हिशोब करून बघा, बरोबर ०.०५ येतं. अमेरिकेत आपल्यासारखंच ०.५ आणि २०.

पण यात एक भोक आहे. हा हिशोब फक्त तयार गोळी पेंडीचा. गोठेकरींसारखे शेतकरी त्यावर सुटी सरकी पेंड आणि घरचा भरडाही घालतात, मुरघासही (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) घालतात. बेरीज कुणी करत नाही. माझ्या अनुभवात गोळी पेंडीपेक्षा सुटी सरकी आणि भुईमूग पेंड जास्त वेळा धोक्याची निघते, कारण गोळीचा कारखाना निदान कच्चा माल आत घेताना काहीतरी बघतो.

दुसरी अडचण नमुन्याची. बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही, एका कोपऱ्यात खिसा धरून बसते. एका पोत्यातून मूठभर काढून पाठवलं तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो आणि शेजारचं पोतं भयंकर असू शकतं. म्हणून लॉटमधल्या बऱ्याच पोत्यांत वर, मधे, खाली नळी खुपसून काढायचं, सगळं एकत्र दळायचं, मग त्यातून नमुना. हे न करता लावलेल्या 'अफ्लाटॉक्सिन फ्री' शिक्क्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.

मृदगंध

मग हे बघायचं काम कुणाचं? एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं ना?

वाफसा

इथेच गाडी अडते. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यात 'अन्न' या शब्दाच्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य स्पष्टपणे वगळलं आहे. एफडीएचा निरीक्षक दुधाचा नमुना घेऊ शकतो. त्या दुधाला कारण ठरलेलं पोतं त्याच्या हद्दीत येत नाही. २०१८ च्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने एफएसएसएआयनेच कबूल केलं की हे विष खाद्य आणि चाऱ्यातून येतं आणि देशात त्यावर नियमन नाही. २०२० मध्ये त्यांनी निर्देश काढले की दुभत्या जनावरांचं व्यापारी खाद्य बीआयएसच्या मानकाप्रमाणेच असावं. दिशा बरोबर आहे. पण बाजारात सुटी विकली जाणारी पेंड, तालुक्याच्या गिरणीत भरडलेला मका, याच्यापर्यंत तो कागद पोचायला माणसं लागतात, आणि ती पशुसंवर्धन खात्याकडेही पुरेशी नाहीत.

वेझरकाठ

मी जर्मनीत लोअर सॅक्सनीत राहते. २०१३ च्या मार्चमधलं इथलं प्रकरण या संदर्भात सांगण्यासारखं आहे. सर्बियाहून आलेल्या मक्यात हे विष निघालं. साधारण १०,००० टन मका खाद्यात मिसळून विकला गेला होता आणि तो ४,००० च्या वर शेतांवर पोचला होता. पण कुठल्या कारखान्यातून कोणत्या शेतावर किती गेलं, हे कागदावर होतं. त्यामुळे शेतं शोधता आली, संशयित गोठ्यांचं दूध तपासता आलं, मर्यादेबाहेरचं थांबवता आलं. तेव्हा दुकानात दूध घेताना माझ्या मनातही धाकधूक होती, पण प्रश्न विचारला तर उत्तर देणारं कुणीतरी होतं.

त्याच वर्षी सर्बियाच्या सरकारने काय केलं? दुधाची मर्यादा ०.०५ वरून ०.५ केली. एका फटक्यात बहुतेक दूध कायदेशीर झालं. मर्यादा हा आकडा किती राजकीय असतो ते तेव्हा कळलं.

रोखठोक

वेझरकाठ, चांगली माहिती. पण आपल्याकडे दोन-चार गाईंचे लाखो गोठे आहेत. एकेकाचा माग कसा ठेवणार?

सडापिंपळ

गोठ्यांचा ठेवायची गरजच नाही. गोठे लाखो असले तरी सरकी गाळणाऱ्या मिल आणि खाद्याचे कारखाने मोजता येण्याइतके आहेत. आणि दुसऱ्या टोकाला बल्क कूलर आहे, जिथे गावाचं दूध एकत्र येतं. त्या कूलरच्या दुधाची पट्टी-चाचणी केली आणि नापास आली, तर त्या गावात मागच्या दोन-तीन दिवसांत कोणती पेंड उतरली, एवढंच शोधायचं. गावात दुकानं दोन किंवा तीन असतात. लहान जागी हे शक्य आहे, आणि ज्या दूध संघांचं स्वतःचं पशुखाद्य आहे त्यांना तर फार सोपं आहे. दूधही त्यांचं, पोतंही त्यांचं.

गोठेकरी

डॉक्टर, तोपर्यंत आम्ही काय करायचं ते सांगा. दुकानदार टॉक्सिन बाइंडरची पुडी देतो, ती खरी का?

सडापिंपळ

काही बाइंडर काम करतात. बेंटोनाइट ही एक प्रकारची माती आहे, ती आतड्यात अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते. युरोपातही तिला या कामासाठी मान्यता आहे. पण पुडीवर घटक आणि मात्रा लिहिलेली असेल तरच घ्या. आणि बाइंडर आहे म्हणून काळी पेंड घालायची, हे मात्र कदापि करू नका.

पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचा साठा करू नका, स्वस्त मिळाली तरी. घरचा मका १२-१३ टक्के ओलीपर्यंत वाळवल्याशिवाय कणगीत किंवा पोत्यात भरू नका. मुरघासाची बॅग फाटली की हवा आत जाते, दुसऱ्या दिवसापासून बुरशी सुरू होते. काळा किंवा पांढरा थर दिसला तर तेवढाच नव्हे, आजूबाजूचा वीतभर भागही काढून खड्ड्यात टाका. बॅग उघडल्यावर रोज एक थर संपला पाहिजे, म्हणून चार-पाच गाई असतील तर मोठा खड्डा करण्यापेक्षा लहान बॅगा बऱ्या.

गव्हाणीच्या कोपऱ्यात आंबोण वाळून बसतं, ते रोज खरवडा. बिनखर्चाचं काम आहे, आणि मला सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच दिसतं.

नागमोडी

आमच्या गोठेवाल्यांना मी काल विचारलं. पेंड कुठून येते सांगितलं, साठवण दाखवतो म्हणाले, रविवारी जाणार आहे. तपासणी केलेली नाही असं त्यांनी सरळ सांगितलं. बाटलीमागे एक-दोन रुपये जास्त द्यायला आमच्या सोसायटीतली दहा-बारा घरं तयार आहेत, पण अहवाल महिन्याला मिळायला हवा.

गोठेकरी

असे गिऱ्हाईक सगळ्यांना मिळोत. पण माझं दूध संघाला जातं. तिथे मी एकटा बोललो तर कोण ऐकणार? ताई, तुमच्या भावाच्या संस्थेत हा विषय निघाला का?

रानजाई

भावाशी बोलले. त्यांच्या प्राथमिक दूध संस्थेत सभासदांची वार्षिक सभा असते, तिथे तो लेखी विषय देणार आहे. मी मसुदा करून दिलाय. संस्थेमार्फत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॉटचा बी१ चा अहवाल नोटीस बोर्डावर लावावा. बल्क कूलरच्या दुधाची एम१ चाचणी पावसाळ्यात आठवड्याला आणि एरवी महिन्याला व्हावी. आणि तिसरी, जी गोठेकरींमुळे सुचली: खराब निघालेली पेंड सभासदाने परत आणली तर संस्थेने ती बदलून द्यावी आणि पुरवठादाराकडून वसूल करावी. नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या माथी आलं की तो पेंड दावणीला घालणारच. वाफसा, मसुद्यात काही राहिलंय का?

वाफसा

लॉटचा नमुना संस्थेसमोर काढून सीलबंद करून ठेवायचा, हे वाक्य घाला. एक प्रयोगशाळेला, एक पुरवठादाराला, एक संस्थेच्या कपाटात. नाहीतर अहवाल वाईट आला की पुरवठादार 'पोतं तुमच्या गोदामात भिजलं' म्हणतो आणि तिथेच सगळं संपतं. आवक होतानाची ओल मीटरने मोजून वहीत लिहा. आणि सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकायच्या असतात, तेव्हा विषय ऑगस्टमध्येच सचिवांकडे देऊन पोच घ्या. गोठेकरी, तुम्हीही तुमच्या संस्थेत हाच मसुदा द्या. एकाच तालुक्यातून चार-पाच संस्थांचे ठराव गेले तर संघाला तो विषय पत्रिकेवर घ्यावाच लागेल.